पोटदुखीची वही

जुने शहर, अकोला
बुधवार, १९ नोव्हेंबर

प्रिय गोदा,

तुला नमस्कार. किसनरावांना वेगळा नमस्कार सांग आणि त्यांचा गुडघा विचारला आहे असंही सांग, नाहीतर ते रुसतात. गोपाल आणि सूनबाई पायलला आशीर्वाद. कापसाची वेचणी निम्म्यावर आली असेल, बायका मिळत नसतील आणि तू स्वतः ओटी बांधून शेतात उभी असशील, हे मी इथे बसून सांगू शकते. वय एकाहत्तर आहे, एवढं लक्षात ठेव. तुझ्या नातीला, खुशीला, काय सांगायचं ते पत्राच्या शेवटी लिहिलं आहे, पण तू शेवट आधी वाचू नकोस. (वसतिगृहात तू रहस्यकथांचं शेवटचं पान वाचून मला खुनी सांगायचीस, ते मी अजून विसरलेले नाही.) तिचं पोट अजून दुखतं का, एवढं मात्र पुढे वाचण्याआधी पायलला विचार.

फोन का केला नाही म्हणशील. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि मग माझी प्रकृती आख्ख्या भातकुलीला कळते. मागच्या खेपेला मी तुला आमच्या मोरोपंतांच्या मूळव्याधीबद्दल सांगितलं, तर चार दिवसांनी तुमच्या गावचा कोणीतरी अशील कोर्टात त्यांना सुरणाची भाजी सुचवून गेला. शिवाय हे सगळं तोंडाने सांगितलं असतं तर तू मध्येच थांबवून म्हणाली असतीस, 'चारू, तू भुताची गोष्ट सांगून राहिली का मले?' तशी ही गोष्ट नाही. नसावी. तू बीएस्सी आहेस, वाचून तूच ठरव.

माझ्या पोटात गाठी निघाल्या. घाबरू नकोस. पत्र मीच लिहिते आहे आणि अक्षर पूर्वीइतकंच सरळ आहे, यावरून काय तो अंदाज घे. पण पंधरा दिवस त्या गाठी कॅन्सरच्या की टीबीच्या हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते पंधरा दिवस कसे गेले ते सांगायचं आहे.

जुलैपासून पोट दुखत होतं. मी त्याला गॅस म्हणत होते. गॅस हा आपल्या वयाचा हक्काचा आजार आहे, त्याला डॉक्टर लागत नाही, ओवा लागतो. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, ते मी दमटपणावर ढकललं. पाऊस उघडल्यावर उन्हावर ढकललं. जेवण जाईना, तेव्हा म्हटलं वय झालं. सात किलो वजन उतरलं, तर हरिपाठाच्या बायका म्हणू लागल्या, चारूताई, काय करता हो, किती छान बारीक झालात. खरं सांगते, मला बरं वाटलं. दोघींना तर मी उपाय म्हणून कोमट पाणी आणि लिंबूही सांगितलं. मोरोपंतांनी फक्त माझा आवाज हल्ली लहान झाल्याचं नोंदवलं, आणि वकिलाच्या चेहऱ्याने नोंदवलं, त्यामुळे तक्रार होती की समाधान ते कळलं नाही.

दसऱ्यानंतर गल्लीतल्या डॉक्टर अबोलीकडे गेले. (हिचे आजोबा मोरोपंतांचे अशील. ही तिसरीत असताना माझ्याकडे पाढे म्हणायला यायची, आता माझं पोट दाबते.) तिने पोट दाबलं आणि बोलायची थांबली. बडबडी मुलगी गप्प झाली की वर्गात काहीतरी घडलेलं असतं, हा माझा छत्तीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव आहे. मग विचारलं, किती महिने दुखतं, रोज दुखतं का, जेवणाआधी की नंतर. गोदा, मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मला. जिच्याकडे पोटदुखीची वही आहे.

ती वही तुला आठवतच असेल, तू तिला कमी नावं ठेवलेली नाहीस. गणिताच्या तासाला मुलींची पोटं दुखतात म्हणून १९८२ साली मी एक मोठी वही घातली. तारीख, तास, नाव, सांगितलेलं कारण, खरं कारण, शेरा, असे सहा रकाने. शेऱ्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द, लाल शाईत: बहाणा. आणि बहाणा ठरला की तास संपेपर्यंत उभं राहायचं. दहा वर्षांच्या नोंदींवरून मी सिद्ध केलं होतं की पोटदुखी घटक चाचणीच्या आदल्या दिवशी तिप्पट होते. शिक्षक संमेलनात त्यावर निबंध वाचला, मुख्याध्यापिकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, 'बाई गं, लोकं कापूस मोजतात, तू पोरीइचे पोटं मोजून राहिली.' मी तुझ्याशी महिनाभर बोलले नव्हते. आणि या मे महिन्यात खुशी गणितासाठी माझ्याकडे महिनाभर राहिली, तेव्हा तीच वही पुन्हा काढून मागच्या कोऱ्या पानांवर तिचं पोट मी लिहीत होते, हेही तुला ठाऊक आहे. जाताना पायलच्या हातात काय लिहून दिलं तेही ठाऊक आहे. ते वाक्य इथे पुन्हा लिहीत नाही; शब्द तोच होता, लाल शाईतला.

सोनोग्राफीत आतड्यांजवळ गाठी दिसल्या. त्यात काय आहे हे त्यावरून कळेना. अबोलीने कागदावर दोन शब्द लिहिले, लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, आणि टीबी, आणि मध्ये एक उभी रेघ मारली. रेघेच्या एका बाजूला सहा महिन्यांच्या गोळ्या. दुसऱ्या बाजूबद्दल ती म्हणाली, ते वेळ आली तर बोलू काकू. पुढची तपासणी सीटी स्कॅनची, पण त्यात शिरेतून जो रंग घालतात तो मला चालत नाही; हृदयाच्या तपासणीच्या वेळी त्याने अंगभर गांधी उठल्या होत्या आणि घसा बंद झाला होता. तेव्हा ठरलं, एमआरआय. त्यात रंगावाचूनही गाठीच्या आतलं दिसू शकतं, पण एका अटीवर: पोट हलता कामा नये. हललं की चित्र पुसट, पुसट चित्रावर सुई कुठे टोचायची ते कळत नाही, आणि माझ्या त्या गाठी मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून बसल्या होत्या. मोरोपंतांनी हे सगळं ऐकून घेतलं, घरी आले, आणि त्यांच्या खोलीत टाइपरायटर वाजू लागला. संध्याकाळी माझं मृत्युपत्र सहीला आलं. मी त्यातल्या चार चुका काढल्या आणि परत टंकायला दिलं. (तेवढाच वेळ जातो.) रात्री जेवताना आम्ही दोघंही टिंड्याच्या भाजीवर बोललो.

केंद्राचं नाव लिहीत नाही. मोर्णा नदीच्या पलीकडे, एका इमारतीच्या तळघरात आहे. सकाळी अकराची वेळ, बाहेर लख्ख ऊन, आणि तेरा पायऱ्या उतरलं की दिवस संपतो. थंडी अशी, की जानेवारीत चिखलदऱ्याला असते. बाकावर सहा-सात बायका बसलेल्या, सगळ्यांच्या अंगात तोच फिकट निळा झगा, गळा मोकळा, हात मोकळे, कान मोकळे. कोण सावकारीण, कोण मोलकरीण, कोण मास्तरीण, काही ओळखू येईना. भिंतीपलीकडून ठोके पडत होते, आधी सावकाश, मग भराभर, मग एकदम बंद. बंद झाले की एका बाईला आत बोलावत. आत गेलेली एकही बाई परत येताना मला दिसली नाही. (बाहेर जायचा दरवाजा मागून आहे. ते मला नंतर कळलं. आधी कळायला हवं होतं; तशी पाटी लावा असं मी लेखी कळवलं आहे.)

तीस प्रश्नांचा फॉर्म होता. अंगात बंदुकीची गोळी किंवा छर्रा आहे काय, या प्रश्नापुढे मी 'अद्याप नाही' असं लिहिलं. ब्लाउज, परकर आणि बांगड्यांना मिळून नऊ सेफ्टी पिना निघाल्या, त्या काढताना दोन बायका हसल्या तेवढाच तिथला जिवंत आवाज. राहिली जोडवी. तुला आठवतं, आमच्या बंडूच्या बारशाला माझा पाय सुजला होता तेव्हा तू साबण, तेल, दोरा सगळं करून पाहिलंस आणि ती हलली नव्हती. अठ्ठेचाळीस वर्षांत कधीच निघाली नाहीत. मी वाकले, बोट लावलं, आणि ती आपोआप घरंगळून हातात आली. मी ती मोरोपंतांकडे दिली. त्यांनी एकदा जोडव्यांकडे पाहिलं, एकदा माझ्या पायांकडे पाहिलं, आणि चष्मा पुसायला घेतला.

यंत्र चालवणारा नितेश म्हणून आहे, चाळिशीचा, पोट सुटलेला, शांत. माझं नाव वाचून सरळ उभा राहिला. त्याची आई माझी विद्यार्थिनी. म्हणाला, 'आई अजूनही तुमचं नाव काढलं का पदर सावरते, मॅडम. सांगते, उभं राहून राहून पाय जाड झाले माहे.' मी म्हटलं, पाढे आले की नाही. म्हणाला, 'पाढे आले. पण तिले अजून बसाले भेव लागते.' तो गंमत म्हणून बोलला. मला उताणं निजवलं, पोटावर एक पट्टा बांधला (त्यावरून श्वासाचा आलेख बाहेर त्याच्या पडद्यावर उमटतो), कानावर हेडफोन चढवले, हातात रबराचा फुगा दिला. घाबरल्या तर दाबा, मी येतो. बाकी मी सांगीन तसं करायचं: घ्या म्हटलं का श्वास घ्यायचा, सोडा म्हटलं का सोडायचा, थांबा म्हटलं का थांबायचं. आणि मग फळी सरकली आणि मी त्या नळकांड्यात गेले. नाकापासून छत चार बोटं. ओली विहीर आडवी केली तर आतून अशी दिसेल.

पहिली फेरी वाया गेली आणि त्यात चूक माझी. नितेश म्हणाला अठरा सेकंद थांबा. मी मनात मोजलं, बावीस झाले. मी त्याला आतून तसं सांगितलं. तो म्हणाला, 'मॅडम, बोलू नका, पोट हालून राह्यलं.' मी म्हटलं, पोट हलायचं नसेल तर मोजणी नीट ठेवा. पुढच्या वेळी त्याने सोळालाच सोडलं, तेही मी सांगितलं. असं दहा मिनिटं चाललं. शेवटी तो आत आला, बिचारा काकुळतीने म्हणाला, फोटो सगळे पुसट आले, यावर डॉक्टर काहीच सांगू शकणार नाहीत, आणखी एकदा करू, पण आता फक्त ऐका. हेडफोन नीट केले, उशी सरकवली, आणि गेला.

दुसऱ्या फेरीला आवाज बदलला होता. मुलीचा होता. बारा-तेरा वर्षांची असेल. मला वाटलं, मास्तरणीला मास्तरीण बरी म्हणून नितेशने कोणालातरी बसवलं असेल. ती म्हणाली, 'बाई, श्वास घ्या. सोडा. आता थांबा. हालू नोका.' आणि ठोके सुरू झाले. ठोके थांबले की म्हणाली, 'झालं, बाई.' हळू बोलत होती, पण घाई नव्हती. मी मोजलं नाही. गोदा, मी आयुष्यात कोणाचं मुकाट्याने ऐकलेलं नाही, तू साक्षीदार आहेस. पण त्या अर्ध्या तासात ती घ्या म्हणाली की घेतला, थांबा म्हणाली की थांबले, आणि माझ्या ध्यानातही आलं नाही की मी आज्ञा पाळते आहे. पोट दुखत नव्हतं. अंगाखालची फळी बर्फासारखी होती, तरी झोप येईल असं वाटत होतं. वासबिस काही आला नाही. भुताच्या गोष्टीत मोगरा येतो तसलं काही नाही.

आठव्या का नवव्या वेळी माझ्या लक्षात आलं, की ही मला 'बाई' म्हणते आहे. नितेश मॅडम म्हणतो. अबोली काकू म्हणते. शाळेत मुली १९९५ नंतर मॅडम म्हणू लागल्या. बाई म्हणणारी शेवटची तुकडी आता पंचेचाळिशीला टेकली. मी डोळे उघडले नाहीत. उघडून दिसणार काय, चार बोटांवर छत. आणखी चार वेळा श्वास झाले. मग ठोके बंद पडले आणि एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत ती म्हणाली, 'आता बसू का, बाई?'

मी म्हटलं, बस.

फळी बाहेर आली तेव्हा नितेश दारात उभा होता. 'मॅडम, कोणाले बस म्हणून राहिल्या?' मी म्हटलं, तुमच्या त्या मुलीला. म्हणाला, कोणती मुलगी, इथे कामाला असलेल्या बायकांपैकी कोणी तीनच्या आधी येतच नाही. मग त्याने माझ्या कानावरून हेडफोन काढले आणि हातात धरून तसाच राहिला. हेडफोनला आवाजाची एक नळी येते, ती निघून माझ्या खांद्याखाली दबली होती. बहुधा उशी सरकवताना निघाली. तो मला बाहेरून सूचना देत होता, अर्धा तास, आणि त्यातली एकही माझ्यापर्यंत आलेली नव्हती. 'मंग तुमाले आयकू कसं आलं?' असं त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता मला पडद्यापाशी नेलं.

तिथे आलेख होता. माझ्या श्वासाची लाट, आणि तेरा ठिकाणी ती लाट सपाट. पट्टीने आखावी इतकी सपाट. प्रत्येक सपाटीच्या अगोदर एक खूण होती, नितेशने 'थांबा' म्हटल्याची. मी खुर्ची मागून घेतली. पहिला विचार आला तो शास्त्रीय: यंत्राच्या ठोक्यांना एक लय आहे, मी गणिताची बाई, लय ओळखून आपोआप श्वास थांबवत असेन. पण ठोके श्वास थांबल्यानंतर सुरू होतात. मी तेराही वेळा ठोक्यांच्या आधी थांबले होते. दुसरा विचार: बाहेरचा आवाज भिंतीतून आला असेल. नितेशने मला आत बसवून दार लावलं आणि बाहेरून ओरडला. ऐकू आलं नाही. तिसरा विचार: पोटात अन्न नाही, मेंदूला साखर कमी, भास. हा विचार मी ठेवला आहे. भासाने आलेख सपाट कसा होतो याचं उत्तर सापडलं की तुला कळवीन. नितेश एवढंच म्हणाला की असे स्वच्छ फोटो त्याने या यंत्रावर पाहिलेले नाहीत, आणि हे आपण कोणाला सांगायला नको. दोन्ही गोष्टींशी मी सहमत झाले.

फोटो खरोखरच स्वच्छ होते. अबोलीने मला ते खिडकीशी धरून दाखवले, जसं मी एकेकाळी तिला भूमिती दाखवली असती. गाठी द्राक्षाच्या घोसासारख्या एकमेकींना चिकटलेल्या, प्रत्येकीला बाहेरून जाड कडा आणि आत मऊ, विरजलेल्या दह्यासारखं. म्हणाली, असं दिसलं की टीबीकडे बोट जातं. पण फोटो फक्त बोट दाखवतो, साक्ष सुईचीच लागते. (हे मोरोपंतांना फार आवडलं.) फोटोवरून सुईचा मार्ग आखता आला, एकदाच टोचली, रक्तवाहिनी वाचली. तिसऱ्या दिवशी निकाल आला. टीबी.

मोरोपंत पायात चपला न घालता गेले आणि किलोभर पेढे घेऊन आले. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी अर्धी गल्ली वाटून संपवली. लोक पेढा तोंडात टाकून विचारत, काय विशेष, आणि हे सांगत, बायकोला टीबी झाली. पुढचा पेढा कोणी घेईना. शेजारच्या चंदनने तर तोंडातला काढून बागेत टाकला. मग हे प्रत्येक दारात परत जाऊन समजावत बसले, पोटाची आहे, खोकल्याची नाही, छातीचा फोटो साफ आहे, लागत नाही. मृत्युपत्र त्यांनी फाडलं नाही. वकील आहेत. फक्त खणात खाली ठेवलं.

सोमवारपासून गोळ्या सुरू आहेत. लघवी केशरी होते. मला आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, तुला कधी लागल्या तर दचकू नकोस.

मी अबोलीला विचारलं, मला कुठून आली. दूध मी उकळून पिते, बाहेरचं खात नाही, घरात कोणाला नाही. म्हणाली, काकू, हा जंतू घाई करत नाही. एकदा शरीरात आला की दहा वर्षं, तीस वर्षं, चाळीस वर्षंही झोपून राहतो, आणि माणूस म्हातारं झालं, ताकद कमी झाली की उठतो. कधीतरी कोणाजवळ बसला असाल, उभ्या राहिला असाल. कोणाजवळ, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

घरी आले आणि वही काढली.

१९८९ साल, आठवी ब, वर्गशिक्षिका मीच. हजेरी क्रमांक सत्तावीस, रागिणी. बार्शीटाकळीहून एसटीने यायची, म्हणून पहिल्या तासाला उशीर आणि म्हणून पहिला बाक, माझ्या टेबलाला लागून. जुलै ते ऑक्टोबर, चौदा नोंदी. मी माझा जुना निबंध आठवून चाचण्यांच्या तारखा ताडून पाहिल्या. चौदांपैकी फक्त दोन चाचणीच्या आसपास. बाकीच्या कुठे? चित्रकलेचा तास. पंधरा ऑगस्ट, लाडू वाटायच्या वेळी. स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम. आणि चिखलदऱ्याच्या सहलीची सकाळ. सहलीला येऊ शकत नाही, पोट दुखतं. गोदा, चिखलदऱ्याची सहल बुडवायला कोणती मुलगी पोट दुखवून घेते? त्या नोंदीपुढे मी तेव्हा पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. मग खोडलं होतं. खोडरबराची खरवड अजून बोटाला लागते. वर लाल शाईत बहाणा. चौदाही वेळा बहाणा, चौदाही वेळा माझ्या पुढच्या तासाला ती टेबलाशी एक हात पोटावर धरून उभी, आणि दर वेळी तास संपायला आला की खोकला आवरून हळूच विचारायची. काय विचारायची ते तू ओळखलं असशील. मी घंटा झाल्याशिवाय हो म्हटलं नाही.

दिवाळीनंतर ती आली नाही. डिसेंबरात तिचे वडील आले, धोतराच्या सोग्यात बांधून वाचनालयाचं पुस्तक परत करायला. म्हणाले, 'पोरगी गेली बाई. पोटात गाठी झाल्या म्हणे. समजलंच नाही कोणाले.' पुस्तकावर दंड चढला होता तो मी माफ केला. तेवढंच केलं. वही मी त्यानंतरही तेवीस वर्षं भरली.

छत्तीस वर्षं. अबोली म्हणते कोणीच सांगू शकणार नाही, आणि विज्ञानाच्या दृष्टीने तिचं बरोबर आहे. पण बाक ते टेबल दीड हात अंतर होतं.

असो. मी बरी होणार आहे. गोळी चुकवायची नाही एवढंच. मोरोपंत डबीसमोर घड्याळ घेऊन बसतात, आणि मी गोळी गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला सांगतात. या वयात हे दिवस आले. जोडवी परत घातली आहेत, दोरा गुंडाळून. तुझा कापूस विकला गेला की कळव.

तुझी,
चारुशीला

ता.क. वही या पत्रासोबत पाठवते आहे. जपून ठेव. मागच्या पानांवर खुशीच्या नऊ नोंदी आहेत, त्या मी काल पुन्हा वाचल्या. त्यांतल्या पाच गणिताला सुट्टी दिलेल्या दिवसांच्या आहेत आणि तीन आमरसाच्या जेवणाच्या. आमरस सोडणारी बारा वर्षांची मुलगी खोटं बोलत नसते, एवढं मला मे महिन्यात कळायला हवं होतं. दिवाळीला तू फोनवर म्हणालीस, पोरगी अजून पोट धरून बसते, दवाखान्यात नेऊ का, आणि मी म्हणाले, शाळा सुरू झाली की राहील. ते मागे घेते. पायलला लिहून दिलेलं वाक्यही मागे घेते. तो कागद तिच्यासमोर फाड. येत्या सोमवारी सकाळी साडेदहाला खुशीला घेऊन इथे ये. वेळ घेऊन ठेवली आहे. वेचणी चार दिवस थांबेल, कापूस कुठे पळत नाही. वही सोबत आण, अबोलीला दाखवू. तारखा सगळ्या अचूक आहेत. शेरे तेवढे चुकलेत.

ता.क. २. काही निघेलच असं नाही. मुलांना आधी साधी सोनोग्राफी करतात, बहुतेकदा जंत निघतात आणि आपणच हसतो. खुशीला हे सांग, आणि तिची आजी नव्हे तर चारूआजी म्हणाली असं सांग, की पोट दुखत असेल तर दुखतं म्हणायचं, कोणी वहीत लिहिणार नाही.

ता.क. ३. वर लिहिलंय ते भासाचंच आहे, त्यात बदल नाही. पण समज, त्या यंत्रात जायची वेळ खुशीवर आलीच, तर आत जाण्याआधी तिच्या कानात सांगून ठेव: आत एखादी मुलगी बोलली तर घाबरायचं नाही, ती सांगेल तसा श्वास घ्यायचा, तिला सगळं येतं. आणि शेवटी तिने विचारलं तर लगेच बस म्हणायचं. मी म्हटलं आहे एकदा, पण इतक्या उशिरा म्हटलेलं एकदा पुरतं की नाही, मला ठाऊक नाही.